नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

आपल्या मराठी भाषेचा एक चमत्कार पाहा. बारशाच्या दिवशीं बाळाचें नांव ठेवितात, आणि तेंच बाळ मोठें झालें म्हणजे शेजारीपाजारी त्याला नांवें ठेवितात. एकवचनाचें अनेकवचन झालें, इतकाच काय तो फरक. परंतु पहिल्यांत ओळख आहे, कौतुक आहे, आणि दुसऱ्यांत निंदेवांचून कांहीं नाहीं. हे दोन वाक्प्रचार आम्ही वीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों. त्यांमधलें अंतर खरोखर किती आहे हें मात्र आम्हांस गेल्या वर्षीं एका यंत्रानें, आणि यंत्राहूनहि अधिक एका विद्यार्थ्यानें शिकविलें. ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या कानांवर घालावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षीं शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनाची तयारी चालू असतां नववीच्या वर्गांतील एक मुलगी आमच्याकडे आली. तिच्या आजीनें माळ्यावरचीं तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत घालण्यासाठीं काढिलीं होतीं. मुलगी म्हणाली, "सर, त्यांतल्या निम्म्या भांड्यांचीं नांवें मला ठाऊक नाहींत, आणि सांगणारी आजी आतां थकली आहे. संगणकाला भांडें दाखविलें कीं त्यानें नांव सांगावें, असें कांहीं करतां येईल का?" कल्पना सर्वांस आवडली. यंत्राचें काम विज्ञानाच्या शिक्षकांनीं पत्करिलें. आम्ही पडलों मराठीचे शिक्षक. तेव्हां नांवांचें काम आमच्याकडे आलें. आम्हांस वाटलें, यांत कठीण तें काय? भांडें समोर आहे, शब्द तोंडीं आहे. एकाला दुसरा जोडला कीं झालें.

यंत्र पाहतें म्हणजे काय करतें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. आपण घागर पाहतों तेव्हां आपणांस घागर दिसते. संगणकास घागर दिसत नाहीं, आंकडे दिसतात. छायाचित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी, आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड बहुधा ० पासून २५५ पर्यंतच्या एखाद्या आंकड्यानें मांडलेला असतो. रंगीत चित्रांत तांबडा, हिरवा व निळा असे तीन आंकडे एकेका ठिपक्यास लागतात. त्या लक्षावधि आंकड्यांतून 'ही घागर' असा निर्णय काढावयाचा, हें या विद्येचें काम. तिला संगणक-दृष्टि असें म्हणतात. १९६६ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेंत सीमूर पॅपर्ट यांनीं या विषयाचा एक उन्हाळी प्रकल्प आंखला. उन्हाळ्यांत कामास येणाऱ्या मंडळींकडून यंत्राच्या दृष्टीचा बराचसा भाग उभा करून घ्यावा, असा बेत होता. तो उन्हाळा संपला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. तरी तें काम अद्याप संपलेलें नाहीं.

कां संपलें नाहीं? कारण पाहणें हें नुसतें डोळ्याचें काम नव्हे. चित्राच्या एका भागांत निळा डाग आहे. तो आकाशाचा आहे, पाण्याचा आहे, कीं कोणाच्या सदऱ्याचा आहे? एकट्या डागाकडे पाहून हें सांगतां येत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत ॲलन हॅन्सन व एडवर्ड राइझमन या दोघां संशोधकांनीं घरांचे बाह्य देखावे यंत्रास वाचावयास शिकविण्याचा उद्योग केला. आकाश वर असतें, छप्पर भिंतीच्या माथ्यावर असतें, गवत खालीं असतें, अशा प्रकारचें ज्ञान त्यांनीं यंत्राच्या पदरीं आधींच बांधून दिलें. मग वरचा निळा डाग आकाशाचा असावा असें अनुमान यंत्रास करतां येऊं लागलें. तात्पर्य, डोळ्यानें पाहावयाचें तर डोळ्यामागें कांहीं ठाऊक असावें लागतें. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची पुन्हां गांठ पडणार आहे.

आतां आमची फजिती ऐका. मुलांनीं घरोघर हिंडून तीन-चारशें छायाचित्रें गोळा केलीं. पांच पांच जणांच्या टोळ्या करून प्रत्येक चित्राखालीं भांड्याचें नांव लिहावयास दिलें. दोन दिवसांनीं कागद गोळा केले तों काय! एकाच भांड्यास एका टोळीनें 'घागर' म्हटलें होतें, दुसरीनें 'कळशी', तिसरीनें 'हंडा'. पाणी पिण्याच्या भांड्यास कोणी 'तांब्या' लिहिलें, कोणी 'लोटा', कोणी 'गडू', तर कोणी सर्वांवर कडी करून नुसतें 'भांडें'. एका मुलानें झांकणाचें चित्र भांड्यांतच घातलें होतें. एकीनें तांब्याच्या तांब्यास 'तांब्या' म्हटलें, पण स्टीलच्या तांब्यास तें नांव देण्याचें तिनें साफ नाकारलें, "यांत तांबें कोठें आहे?" असा तिचा सवाल होता. 'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण आम्हीं तिला ऐकविली. परंतु मनांत तिचें म्हणणें आम्हांस मान्य होतें. अशी ही खिचडी यंत्रापुढें वाढली, आणि यंत्रानेंहि तशीच खिचडी परत वाढली. प्रत्येक वाटोळ्या वस्तूस तें आळीपाळीनें घागर, हंडा व लोटा म्हणूं लागलें. मुलें यंत्राला हंसलीं. यंत्राचा दोष नव्हता. त्याला शिकविणारांच्याच डोक्यांत गोंधळ होता.

त्या रात्रीं आम्हांस अमरकोशाची आठवण झाली. हा कोश अक्षरांच्या अनुक्रमानें रचलेला नाहीं. वस्तूंच्या वर्गांनीं रचलेला आहे. वनस्पति वनौषधिवर्गांत, पशुपक्षी सिंहादिवर्गांत, नगरें व घरें पुरवर्गांत. शब्द पाठ करणाऱ्यास त्याबरोबर जगाची एक मांडणीहि पाठ होत असे. आमच्या यंत्रास शब्दांची यादी मिळाली होती. मांडणी मिळाली नव्हती.

या मांडणीस आजच्या संगणकशास्त्रांत 'ऑन्टॉलॉजी' असें नांव आहे. शब्द ग्रीक आहे. तत्त्वज्ञानांत काय काय अस्तित्वांत आहे याचा विचार करणारें शास्त्र, असा त्याचा मूळ अर्थ. ॲरिस्टॉटलनें असे दहा प्रकार मानिले. आपल्याकडे वैशेषिकांनीं द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष व समवाय असे सहा पदार्थ सांगितले. पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ, हें ध्यानीं आलें कीं नांवाचा व वस्तूचा संबंध आपल्या पूर्वजांनीं किती खोल शोधला होता तें कळतें. म्हणून या लेखापुरतें आम्ही ऑन्टॉलॉजीस 'पदार्थव्यवस्था' म्हणूं. टॉम ग्रूबर यांनीं १९९३ सालीं संगणकाच्या कामापुरती तिची व्याख्या केली. तिचा आशय असा कीं, एखाद्या विषयांत कोणकोणत्या वस्तु आपण मानतों व त्यांचे परस्परसंबंध काय समजतों, तें मनांत न ठेवितां उघड व नेमकें मांडावें. २००४ सालीं अशी मांडणी लिहिण्यासाठीं 'आउल' नांवाची एक प्रमाण भाषाहि मान्य झाली. मांडणी तीमध्यें लिहिली म्हणजे यंत्र ती वाचून स्वतः अनुमानें काढूं शकतें. या चौकटींत एकेक माहिती भरीत गेलें कीं ज्ञानभांडार तयार होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं फळ्यावर एक झाड काढिलें. खोडाशीं 'भांडें' हा शब्द लिहिला. मग एक कसोटी ठरविली. जो शब्द फांदीवर लावावयाचा तो घेऊन 'हें एक भांडें आहे' असें वाक्य करून पाहावें. 'घागर हें एक भांडें आहे' हें वाक्य खरें. म्हणून घागर फांदीवर चढली. 'झांकण हें एक भांडें आहे' हें कानास खटकलें. मग झांकण भांड्याचा प्रकार नसून भांड्याचा भाग आहे, हें मुलांच्या ध्यानांत आलें. कांठ, गळा, बूड, कडी, तोटी हेहि भागच ठरले. म्हणून प्रकार दाखविण्यास एक रेघ व भाग दाखविण्यास दुसरी रेघ, असे दोन रंगांचे खडू घेतले. पुढें तिसरा रंग द्रव्याचा आला व चवथा उपयोगाचा. येथें स्टीलच्या तांब्याचा तंटा आपोआप मिटला. तांब्या हा प्रकार आकारावरून व उपयोगावरून ठरतो. तांबें हें त्याचें द्रव्य असेल किंवा नसेल. शब्दाची व्युत्पत्ति एका बाजूस राहिली आणि वस्तु आपल्या जागीं बसली. लोटा व तांब्या हे आमच्या गांवांत एकाच भांड्याचे दोन शब्द आहेत कीं दोन भांडीं आहेत, यावर मुलांनीं घरीं जाऊन वडील माणसांस विचारिलें आणि मगच त्यांस एका गटांत घातलें.

झाडाचा एक मोठा लाभ असा कीं, वरच्या फांदीस जें सांगितलें तें खालच्या सर्व फांद्यांस लागू होतें. 'पाणी सांठविण्याच्या भांड्यास पोट असतें व तोंड पोटाहून लहान असतें' हें एकदांच लिहिलें. घागर, कळशी, हंडा व माठ यांना तें निराळें सांगावें लागलें नाहीं. दुसरा लाभ याहूनहि मोठा. यंत्राची खात्री नसेल तेव्हां त्यानें घाईनें शेंड्याचें नांव न सांगतां एक फांदी खालीं खोडाकडे उतरावें, अशी सोय करतां येते. 'कळशी कीं हंडा, तें सांगवत नाहीं. पण पाण्याचें भांडें आहे हें निश्चित,' असें उत्तर यंत्रानें दिलें तर तें अपुरें असेल, पण खोटें असणार नाहीं. कळशीस हंडा म्हणणें ही लहान चूक व कळशीस छत्री म्हणणें ही मोठी चूक, हा विवेकहि यंत्रास झाडामुळेंच येतो.

मुलांस वाटलें, आपण कांहीं नवीनच केलें. त्यांस आम्हीं सांगितलें कीं, हाच उद्योग जगांत फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. प्रिन्स्टन विद्यापीठांत मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनीं १९८५ सालीं 'वर्डनेट' नांवाच्या शब्दजालास आरंभ केला. त्यांत समानार्थी शब्दांचे गट आहेत, आणि ते 'प्रकार', 'भाग' अशा नात्यांनीं एकमेकांस जोडलेले आहेत. अशा गटांची संख्या १,१७,००० हून अधिक झाली. आपल्या मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखालीं प्रथम हिंदीचें व मग मराठीचें शब्दजाल तयार झालें, आणि तें इतर भारतीय भाषांच्या जालांशीं जोडलें गेलें, ही गोष्ट मराठी मुलांस अवश्य ठाऊक असावी. पुढें फेई-फेई ली या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं प्रिन्स्टनच्या त्या शब्दजालाच्या झाडावर चित्रांचीं पानें लावण्याचा संकल्प केला. २००९ सालीं त्यांनीं 'इमेजनेट' हा चित्रसंग्रह विद्वानांपुढें ठेविला. वाढत वाढत त्यांत २१,८४१ गट व सुमारें १ कोटी ४२ लक्ष चित्रें झालीं. तीं नांवें पडताळण्याचें काम इंटरनेटवरून जगांतील हजारों माणसांनीं थोडथोडक्या मोबदल्यावर केलें. या संग्रहांतील १,००० गटांवर २०१० पासून दरसाल एक स्पर्धा होऊं लागली. २०१२ च्या स्पर्धेंत टोरांटो येथील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर व जेफ्री हिंटन यांच्या यंत्रास पांच उत्तरें देण्याची मुभा असतां त्याच्या चुकांचें प्रमाण शेकडा १५.३ आलें, त्याच्या पाठोपाठच्या स्पर्धकाचें शेकडा २६.२ होतें. यंत्रदृष्टीचें आजचें युग त्या दिवसापासून मोजतात. यंत्राच्या बुद्धीची वाहवा सर्वांनीं केली; पण ज्या झाडाच्या फांद्यांवर तीं चित्रें टांगलेलीं होतीं, तें झाड शब्दांच्या अभ्यासकांनीं पूर्वींच लावून ठेविलें होतें, याची आठवण थोड्यांस राहिली.

आणखी एक प्रयोग आमच्या मुलांस फार आवडला. २००९ सालींच जर्मनींत ख्रिस्तोफ लांपर्ट व त्यांचे सहकारी यांनीं ५० प्राणी घेऊन त्यांचे ८५ गुण मांडिले. पट्टे आहेत कीं नाहींत, खूर आहेत कीं पंजे, पाण्यांत राहतो कीं जमिनीवर, असे ते गुण होते. ४० प्राण्यांचीं चित्रें दाखवून यंत्रास गुण ओळखावयास शिकविलें; उरलेल्या १० प्राण्यांचें एकहि चित्र न दाखवितां केवळ त्यांच्या गुणांची यादी दिली. तरी त्या न पाहिलेल्या प्राण्यांपैकीं शेकडा सुमारें ४० चित्रें यंत्रानें बरोबर ओळखलीं. नुसत्या अंदाजानें शेकडा १० च जमलीं असतीं. आमच्या मुलांनीं घंगाळावर हाच प्रयोग केला. घंगाळाचें चित्र आमच्या संग्रहांत एकहि नव्हतें. 'तोंड रुंद, बूड बसकट, बाजूंस दोन कड्या, द्रव्य तांबें किंवा पितळ' एवढेंच झाडावर लिहिलें. मग एका पालकांनीं आपल्या घरचें घंगाळ आणून दिलें, आणि यंत्रानें दोनदां चुकून तिसऱ्या खेपेस त्याचें नांव सांगितलें. वर्गांत टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीहि मनांतून फुगून गेलों. आणि माणूस फुगला म्हणजे त्याचा पाय घसरण्याची वेळ जवळ आलेली असते.

कित्येक छायाचित्रांत भांड्यांबरोबर माणसेंहि आलीं होतीं. कोणी पाणी भरीत होतें, कोणी भांडीं घांशीत होतें, कोणी दुकानांत बसलें होतें. मुलें म्हणालीं, "सर, माणसांचीहि एक फांदी करूं या." आम्हीं मागचापुढचा विचार न करतां खडू उचलला. 'माणूस' असें लिहून त्यावर शेतकरी, दुकानदार, शिपाई, शिक्षक, मोलकरीण अशा डहाळ्या काढिल्या. यादी मुलांनीं सुचविली असेल. अक्षर आमचें होतें. भांड्यांस जी कसोटी लाविली ती माणसांस लावण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

चार दिवसांनीं वर्गांत पडद्यावर एकेक चित्र दाखवून आम्ही खालचीं नांवें तपाशीत होतों. एका चित्रांत अरुंद बोळांतून एक बाई डोक्यावर पाण्याचें भांडें घेऊन येत होती. साडी जुनी होती, पाय अनवाणी होते. खालीं एका टोळीनें लिहिलें होतें, 'हंडा, मोलकरीण'. आम्हीं मोठ्यानें वाचलें, 'बरोबर' म्हटलें, आणि पुढचें चित्र लावणार, इतक्यांत शेवटच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो वर्गांत क्वचितच बोलत असे. तो म्हणाला, "सर, घरचें पाणी भरणारीला मोलकरीण म्हणतात का?" एक-दोन मुलें हंसलीं. मग तो हलक्या आवाजांत म्हणाला, "ती माझी आई आहे."

ज्या मुलानें तें चित्र काढिलें होतें त्यास ही कोणाची आई हें ठाऊक नव्हतें. त्यानें मान खालीं घातली. हंसणारीं मुलें गप्प झालीं. आम्हांस त्या क्षणीं एकहि शब्द सुचला नाहीं, आणि तास संपल्याची घंटा झाली तेव्हां, खरें सांगतों, आम्हांस सुटल्यासारखें वाटलें.

मोलकरणीचें काम हलकें आहे असें आमचें मुळींच मत नाहीं. कष्टाची भाकर खाणारा कोणीहि हलका नव्हे, आणि आमच्या आजीनेंहि दुसऱ्यांच्या घरीं धुणें धुवून आमच्या वडिलांस शिकविलें. दोष निराळा होता. चित्रांत एक स्त्री होती, भांडें होतें, बोळ होता. मोलकरीण चित्रांत कोठेंच नव्हती. ती आमच्या मनांत होती. डोळ्यानें पाहावयाचें तर डोळ्यामागें कांहीं ठाऊक असावें लागतें, असें वर म्हटलें तें खरें. परंतु डोळ्यामागें जें जें असतें तें सर्व ज्ञानच असतें असें नाहीं. तेथें समजुतीहि असतात, आणि त्या ज्ञानाचीच वस्त्रें नेसून बसलेल्या असतात. जुनी साडी पाहिली आणि उरलेली बाई आम्हीं आमच्या समजुतींतून पुरी केली. अमरकोशाचें कौतुक आम्हीं केलें. पण त्याच कोशांत माणसांस चार वर्णांच्या चार वर्गांत घातलें आहे, हें आम्हांस त्या रात्रीं आठवलें. सिंहादिवर्गांतील सिंहास आपण कोणत्या वर्गांत आहों याची खंत नसते. माणसास असते, आणि कित्येकांच्या पिढ्यान् पिढ्या त्या खंतींत गेल्या आहेत.

आम्हीं आमची जुनी टिपणवही काढिली. वर्षाच्या आरंभीं प्रत्येक विद्यार्थ्याच्या नांवापुढें एक शब्द लिहून ठेवण्याची आमची फार दिवसांची खोड. त्या मुलाच्या नांवापुढें आमच्याच अक्षरांत 'मंद' असा शब्द होता. सबंध वर्गांत जो प्रश्न कोणास सुचला नाहीं, आम्हांसहि सुचला नाहीं, तो या मंद मुलानें विचारिला होता.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं सर्व वर्गासमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली. मग मुलांस इमेजनेटच्या झाडाची पुढची हकीकत सांगितली. त्या झाडासहि माणसांची एक फांदी होती, आणि तिला २,८३२ डहाळ्या होत्या. शब्दजालांतून शब्द आले ते जसेच्या तसे आले; त्यांत शिव्या होत्या, जातीधर्मांवरून हिणविणारे शब्द होते, माणसाच्या शीलावर डाग लावणारे शब्द होते, आणि प्रत्येकाखालीं कोणा ना कोणा खऱ्या माणसाचें छायाचित्र टांगलेलें होतें. २०१९ सालीं केट क्रॉफर्ड व ट्रेव्हर पॅग्लेन यांनीं त्या फांदीवर शिकविलेलें एक यंत्र लोकांपुढें ठेविलें. आपलें छायाचित्र त्यास दाखविलें कीं तें एक नांव सांगत असे. लोकांनीं कौतुकानें छायाचित्रें दाखविलीं, आणि कित्येकांस अपमानाचे शब्द ऐकावे लागले. इमेजनेटच्या कर्त्यांनींहि आपली फांदी तपासली. २०२० सालच्या आरंभीं त्यांनीं आपला निष्कर्ष मांडला. २,८३२ पैकीं १,५९३ वर्ग त्यांस अयोग्य आढळले. उरलेल्या १,२३९ मध्यें, चित्राकडे पाहून खरोखर ओळखतां येतील असे वर्ग केवळ १५८ निघाले. बाकीचे शब्द वाईट नव्हते. पण ते डोळ्यास दिसणारे नव्हते. माणूस ऋणकरी आहे कीं दानशूर, कोणाचा भाऊ आहे कीं कोणाचा जांवई, हें त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलें नसतें. विद्वानांचें झाड एवढें छाटावें लागलें, मग आमच्या फळ्यावरच्या झाडाची काय कथा!

मुलांनीं आपणहून दोन नियम केले. जें दिसतें तेवढेंच लिहावें, हा पहिला; जें दिसत नाहीं तें हवें असेल तर त्या माणसास विचारावें, हा दुसरा. आम्हीं तिसऱ्याची भर घातली. खात्री नसेल तेव्हां खोडाकडे उतरावें. शेतकरी कीं मजूर तें कळत नसेल तर तें सोडून द्यावें आणि 'माणूस' या शब्दापाशीं थांबावें. तेथें थांबणाऱ्याची चूक होत नाहीं. माणसांच्या फांदीवरील सर्व डहाळ्या पुसल्या. ज्या ज्या चित्रांत कोणाचा चेहरा आला होता, तीं त्या त्या घरीं दाखवून संमति घेतली. ज्यांनीं नको म्हटलें त्यांचीं चित्रें काढून टाकिलीं. त्या मुलानें आपल्या आईस विचारिलें. ती म्हणाली, "राहूं द्या, पण मी प्रदर्शनाला येऊन पाहीन."

ती आली. धुतलेली साडी नेसून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ती आमच्या मेजापाशीं उभी राहिली. पडद्यावर तिचें चित्र होतें व खालीं नवीन ओळ होती, 'एक व्यक्ति, डोक्यावर हंडा'. तिनें ती मुलाकडून वाचवून घेतली आणि थोडी हंसली. "सर," ती म्हणाली, "माणसाचं बरोबर आहे, पण भांड्याचं चुकलंय. ही कळशी आहे. हंडा याच्याहून मोठा असतो. भरलेला हंडा डोक्यावर घ्यायला दुसरं कोणी हात लावावा लागतो." मग तिनें आमच्या सर्व चित्रांवरून एकदां नजर फिरविली आणि आणखी सहा ठिकाणीं आमच्या चुका दाखविल्या. पाण्याचें कोणतें भांडें किती जड होतें, कोणतें कमरेवर बसतें आणि कोणतें डोक्यावर, गळा कोठें धरावा लागतो, हें ती सांगत होती व मुलें लिहून घेत होतीं. तिचा मुलगा फळ्यापाशीं उभा राहून झाडावर एकेक रेघ ओढीत होता. आम्ही पदवीधर, शब्दकोश आमच्या उशाशीं, पण भांड्यांच्या या विद्येंत आम्ही तिच्यापुढें पहिल्या इयत्तेंत होतों. आमच्या झाडावर उपयोगाची रेघ खरी कशी ओढावयाची, हें आम्हांस तेव्हां कळलें.

प्रदर्शन आटोपलें. तें झाड अजून विज्ञानाच्या खोलींत कागदावर लावलेलें आहे, आणि ज्या मुलीनें प्रथम ही कल्पना काढिली तिच्या आजीनें भांडीं मोडींत घातलीं नाहींत, हेंहि जातां जातां सांगितलें पाहिजे.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येक जण पुढें अशीं यंत्रें घडवितील. हीं यंत्रें रुग्णालयांत, रस्त्यांवर, शेतांत माणसांचे डोळे होऊन कामास लागलीं आहेत. तीं काय पाहतील हें त्यांच्या कांचेवर ठरत नाहीं. तुम्ही त्यांच्यापुढें जें झाड लावाल त्यावर ठरतें. म्हणून झाड लावतांना घाई करूं नका. वस्तूचें नांव ज्याच्या हातांत ती वस्तु रोज असते त्याला विचारा. आणि पालकांस आमची एक विनंति आहे. घरांतील भांड्यांचीं, धान्यांचीं, अवजारांचीं नांवें मुलांच्या कानांवर पडूं द्या. तो ठेवा कोणत्याहि यंत्रांत आपोआप जात नाहीं. मुलांस मात्र 'हुशार' किंवा 'मंद' अशीं नांवें ठेवूं नका. आम्हींहि टिपणवहींतील ती खोड सोडली आहे. यंदाच्या वहींत विद्यार्थ्यांच्या नांवापुढें त्यांनीं विचारलेले प्रश्न लिहितों, आणि त्या मुलाच्या नांवापुढची जागा आतां भरत आली आहे.